एवढी एकच बुडी

नाही हो, नराच्याच पोटात — मीसुद्धा आधी हसण्यावारीच नेलं होतं. मादी अंडी देऊन मोकळी, आणि पुढचं सगळं त्या बाप्यानं निस्तरायचं. तिकडे जिन्याखाली समुद्रघोड्यांची अंधारी खोली आहे ना, तिथे एक आहे सध्या, पोट तट्ट फुगलेलं, शेपटीनं गवताची काडी धरून बसलाय नुसता. बायका त्या काचेसमोर जास्त वेळ थांबतात, मी बघते ना. नवऱ्याला कोपरानं ढोसतात आणि म्हणतात, बघ, शीक काहीतरी. नवरे लगेच पुढच्या काचेकडे सरकतात. तुम्ही नाही पाहिला? म्हणजे सरळ मोठ्या टाकीपाशीच आलात — सगळे तेच करतात, शार्क बघायची घाई असते. मी म्हणते, आधी जेलीफिशच्या खोलीत जावं. निळा उजेड, बारीक संगीत, आणि ती नुसती वर जातात, खाली येतात, कुठे जायचंय म्हणून नाही, उगाच. आतलं सगळं आरपार दिसतं. पोटात काय आहे, काय नाही, जगाला दिसतं. लपवाछपवीचा प्रश्नच नाही — आपलं असं असतं तर किती — जाऊ दे.

हो, येते मी ह्या मत्स्यालयात बरेचदा. इथे काम करणाऱ्यांच्या घरच्यांना पास असतो, त्यामुळे — छे, मी नाही कामाला, मी काय करणार इथे. बरं, तो बघा, खडकाच्या कपारीतला, ओठ लोंबलेला, तो मोठा मासा. हेकरू म्हणतात त्याला. दिवसभर कपारीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवतो, कुणी फार जवळून गेलं की तोंड वाकडं करतो. त्याचं नाव आहे सासूबाई. माझ्या सुनेनं ठेवलंय. घरी येऊन मला सांगून टाकलं आणि मग जीभ चावली. मी पुढच्या वेळी आले तेव्हा मुद्दाम बघितला, आणि तिला म्हटलं, चेहरा मिळतो खरा, पण माझी हनुवटी बरी आहे. इतक्या हसलो दोघी — वेडगळपणा नुसता. हां, सून. सून आहे इथे. टाकीत उतरते, काच आतून घासते, त्या चादरीसारख्या चपट्या पाकटांना हातानं भरवते. पुरुषाला पाणबुड्या म्हणतात, बाईला काय म्हणायचं कुणाला ठाऊक — पाणबुडी म्हटलं की शेजारीपाजारी विचारतात, नौदलात आहे का.

माझा मुलगा मालवाहू बोटीवर असतो. नवरा पाण्यावर, बायको पाण्याखाली, आणि कोरड्यावर मी एकटी — असं मी सांगितलं की लोक हसतात. तुम्ही नाही हसलात. असू दे, तुमचं लक्ष टाकीकडे आहे. तर घरात आम्ही दोघीच. संध्याकाळी येते, केसांना खारट वास, बोटं सुकल्या मनुकांसारखी, आणि जेवताना सगळं सांगत बसते — आज ऑक्टोपसनं डब्याचं झाकण आतून उघडलं, आज पेंग्विनांची भांडणं लागली, एकानं दुसऱ्याच्या घरट्यातला खडा पळवला. मी पण मग विचारते, खडा मिळाला का परत. आणि ते कासव दिसतंय का, वर, पाठीला तडा गेलेलं? कुठल्याशा बोटीचं पातं लागलं होतं. आणलं तेव्हा जगेल असं कुणाला वाटत नव्हतं. माझी सून शेजारच्या लहान हौदात त्याच्यापाशी बसून राहायची, तोंडात घास घालायची, जखम धुवायची. आता ती पाण्यात उतरली की ते बरोबर तिच्या डोक्यावर येऊन तरंगतं. तुम्हाला दिसेलच थोड्या वेळात. म्हणजे — उतरतील ना, रोज उतरतात, पाट्यांवर वेळ लिहिलेली असते.

तुम्ही सारखं घड्याळ बघताय. मीही बघतेय. आता काय नाटक करायचं, मॅडम — तुम्ही कोण ते मला माहीत आहे. सकाळी दारातच बघितलं तुम्हाला. तो माइकवर बोलणारा, ज्याला इथे सगळे पोपट म्हणतात, तो तुम्हाला वर घेऊन चालला होता आणि तुम्ही म्हणालात, मी वर नाही थांबणार, मी खालून बघेन, लोकांमध्ये बसून, काचेतून. पाण्यात माणूस खरा कसा वागतो ते खालूनच कळतं, असं काहीतरी. आज तुम्ही ज्यांना बघून पसंत कराल त्यांना कायमचं घेणार, बाकीचे पुन्हा हंगामी, घरात गेले कितीतरी दिवस दुसरा विषय नाही. मी मुद्दामच बसले तुमच्या शेजारी. नाही, तिनं पाठवलेलं नाही. तिला तर मी आलेय हेही माहीत नाही. मी सुनेची शिफारस करायला आलेय असं समजा. सासू सुनेची शिफारस करते, हे तुम्हाला रोज ऐकायला मिळत नसेल.

आणि करण्यासारखीच आहे ती. घाबरत नाही. वाळूतला तो लांब करवतीच्या तोंडाचा मासा आहे ना, त्याच्याजवळ जायला बाकीचे काचकूच करतात, ही शांतपणे बाजूनं जाते, त्याला आधी दिसेल अशी. सोबत्याच्या नळीतून मध्येच हवा गळायला लागली होती एकदा, तर हिनं स्वतःची नळी त्याच्या तोंडात दिली आणि त्याला हळूहळू वर आणलं. वर आल्यावर तो रडला, ही नाही रडली. घरी येऊन रडली. मी डोक्याला तेल लावत बसले. अशी मुलगी गेल्या खेपेला तिकीटखिडकीवर बसवून ठेवली हो, वर्षभर नुसत्या तिकिटांना भोकं पाडत —

गेली खेप म्हणजे — काही नाही. तेव्हा तिची तब्येत — बरं, सांगते, त्यात लपवण्यासारखं काय आहे, इथे सगळ्यांना माहीत आहे. दिवस गेले होते तिला. शहाण्या मुलीसारखं आपण होऊन सांगितलं साहेबांना. त्यांनीही नियमानं वागून लगेच पाण्यातून काढलं, खिडकीवर बसवलं. दोष नाही देत मी कुणाला. पण ते मूल राहिलं नाही. काहीही न करता, खुर्चीवर बसल्या बसल्या गेलं. आणि नंतर पाण्यात परत यायचं म्हटलं तर तिच्या जागी दुसरा आलेला. मूलही गेलं आणि पाणीही गेलं. तेव्हा ती इथे यायची, ह्याच बाजूला उभी राहायची, काचेला हात लावून, आणि आत भलताच कुणी तिच्या कासवाला भरवत असायचा. मी घरी डबे घासत बसायचे आणि मला कळायचं नाही की हिला जवळ घेऊ की एकटं सोडू. आत्ता कुठे परत घेतलं तिला पाण्यात, तेही हंगामी. म्हणून ह्या वेळी ती —

मी ‘ह्या वेळी’ म्हणाले का?

नाही, म्हणजे ह्या वेळी, आजच्या वेळी. परीक्षेच्या. तुम्ही माझ्याकडे बघू नका, मॅडम, टाकीकडे बघा. ते बघा, उतरले दोघं शिडीवरून. पोपट सुरू झाला — ‘बालमित्रांनो’ म्हणतोय, आणि समोर निम्मी माणसं पेन्शनवाली. ती उजवीकडची, पिवळ्या पट्ट्यांची. तीच. बघा, बघा, आलं की नाही कासव डोक्यावर. किती सहज खाली येते, कुणी जिना उतरावा तशी. पाकटं जमली भोवती, कुणाला भरवलं, कुणाला नाही, सगळं ध्यानात असतं तिच्या. तोंडावरचा चष्मा काढायला लावणार ना तुम्ही? तिनं सांगितलं होतं. खाऱ्या पाण्यात डोळे मिटून चष्मा काढायचा आणि पुन्हा चढवायचा. ती ते हसत करते. न्हाणीघरात बादलीत डोकं घालून मला करून दाखवलंय.

थांबली का ती?

खडकाला धरून उभी आहे. का उभी आहे? सोबती विचारतोय हातानं — तिनं बोटांनी खूण केली, ठीक आहे म्हणाली. ठीक असेल. तिनं म्हटलं तर असेलच. पण हात बघा ना तिचा, डावा — पोटावर. मला माहीत आहे तो हात. गेले कित्येक दिवस ओट्याशी उभी राहिली की तो हात तिथेच असतो. मी कांदा परतायला घेतला की ही गॅलरीत. चहा नको, आंघोळीला तासभर, नळ मोठा सोडून. मी काय जन्माला आजच आले का? एक दिवस मी दार वाजवलं आणि म्हटलं, नळ बंद कर, मला कळलंय. तर बाहेर येऊन माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “आई, सर्दीचं सांगून मी वरचीच कामं घेईन, पण एवढी एकच बुडी. परीक्षेची. एकदा कायम झाले की दुसऱ्याच मिनिटाला मी स्वतः सांगते. तोवर तुमच्या मुलालासुद्धा नाही सांगायचं.” मी हो म्हटलं. काय म्हणणार? त्या खिडकीवरचं तिचं तोंड मी बघितलेलं होतं. पण रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. शेजारी दवाखान्यातली नर्स राहते, तिला आडून आडून विचारलं, टीव्हीवर बघितलं म्हणून. ती म्हणाली, दिवस गेलेल्या बाईनं पाठीवर नळकांडं बांधून पाण्याखाली जाऊच नये. पोटातल्या जिवाला काही होईलच असं नाही, पण होणार नाही असं छातीवर हात ठेवून कुणी सांगणार नाही. एवढंच म्हणाली आणि कुलूप लावून कामावर गेली. आणि मी तिथे जिन्यात उभी.

पुन्हा वाकली ती. मॅडम, पुन्हा वाकली. वांती होतेय तिला — तोंडात ती नळी आहे, नळीत वांती झाली तर माणूस श्वास कसा घेतो? तुम्हाला माहीत असेल. मला नाही माहीत. वर घ्या तिला. मॅडम, माझ्या सुनेला दिवस गेलेत, तिला वर घ्या.

हो. खरं सांगतेय. शपथ कसली घालू, तुम्ही ते वरच्यांशी बोलायचं हातातलं यंत्र तोंडाजवळ घ्या आधी.

ठोकताहेत. वर शिडीवर लोखंड ठोकताहेत ना, तिला वर बोलवायला? इथे ऐकू येतंय म्हणजे तिला आत केवढं वाजत असेल. तिनं मान वर केली. सोबत्यानं दंड धरला तिचा — धर रे बाबा, नीट धर. ती त्याला विचारतेय, का, म्हणून. हात हलवून विचारतेय. बुडबुडे येताहेत ना वर? येताहेत. म्हणजे श्वास चालू आहे. आता शोधतेय, काचेपलीकडे, माणसांत. तुम्हाला शोधत असेल, काय चुकलं विचारायला. तुम्ही दिसलात तिला. आणि — मी दिसले. लोक टाळ्या वाजवताहेत, त्यांना वाटतंय हा खेळातलाच भाग. लहान मुलं हात हलवताहेत तिला. मीही हलवणार होते, हात अर्धा वर आला आणि तिथेच राहिला. तिनं नाही हलवला. बघितलं नुसतं माझ्याकडे, तुमच्याकडे, परत माझ्याकडे. कळलं तिला. तोंडात नळी, डोळ्यांवर काच, तरी मला दिसलं की कळलं तिला.

गेली वर. पाय दिसेनासे झाले. काढलं असेल ना तिला बाहेर एव्हाना? तुमच्या यंत्रात काय म्हणाले? शुद्धीत आहे. बोलतेय. काय बोलतेय? — माझ्याबद्दल विचारतेय. बरं. बरं झालं. विचारू दे.

नाही, मला पाणी नको. तुम्ही काय म्हणालात — निकाल तुमच्या एकटीच्या हातात नाही. ते मला समजतं, मी काही मागत नाही. जेवढं बघितलंत तेवढंच सांगा, आजारी होती तरी हातातलं काम तिनं सोडलं नाही, सोबत्याला खूण केली, गडबडली नाही. पोटुशी बाईला ह्या वर्षी घेता येत नसेल तर नका घेऊ, पण ती जागा पुढच्या वर्षी पुन्हा भरतात का तेवढं मात्र तिलाच सांगा, तोंडावर सांगा. तिला गोड बोललेलं चालत नाही. आणि तिला शब्द दिला होता, तो सासूनं मोडला, हे वर कुणी लपवू नका. नाव माझंच घ्या. उद्यापासून घरात बोलेल न बोलेल, ताट बाजूला सारेल, माहेरी जाईल, मुलाला फोन करेल, तिचा हक्क आहे. मी दार लावून नाही घेणार. ती नाही बोलली तर मी बोलेन, एकटी. मला सवय आहे, बघताच आहात तुम्ही.

जिन्यावर पाय वाजताहेत. ओले पाय. ती थांबली नाही वर, टॉवेलही घेतला नसेल. मॅडम, तुम्ही आता उठा. तिला बसायला जागा लागेल.