खुंट्या चार फूट आत

(पिपरी मेघे. सकाळी घराच्या भिंतीबाहेर निकेश आणि त्याचे निवृत्त वडील रूपराव टेप धरून उभे. आई जया मैदानातून फिरून येते.)

निकेश : बघा बाबा, चार फूट जागा भिंतीबाहेर गेली आपली. भिंत सरकवली की कार आरामात बसते.

रूपराव : त्या हेमराज मिस्त्रीची करामत! चुन्याच्या फक्कीची रेघच चुकवली बेट्यानं. भिंत झाल्यावर मोजली म्या. बारा वर्षं झाली, अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

जया : अन् या चार फुटाच्या गल्लीतून मैदानात जाणाऱ्या लोकायनं कुठून जावं?

निकेश : हायवेवरून. पहिले जायचेच ना?

जया : कोण जाये? ट्रकच्या भेवानं लेआउटातली अख्खी वस्ती घरात बसून राहे. शेजारच्या शकुंतलाबाईले फाटकापर्यंत जाताना धाप लागे. आता पाहा, रोज मैदानात चार चक्कर मारते.

रूपराव : खरं आहे. पण जागा आपली आहे, जया.

जया : अन् माही शुगर? सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईनं गोळी अर्धी केली, तं गावभर तुमीच सांगत फिरले. तिनं विचारलं, काय करता? म्हटलं, काई नाई, घराजवळ गल्ली आहे.

निकेश : चुकून झालेली गल्ली आहे ती, आई.

जया : चुकून नाई. हेमराजची रेघ बरोबर होती. पाया खोदाच्या दिवशी पहाटे मीच खुंट्या उपटून चार फूट आत ठोकल्या. रेघ पुसली, नवी मारली. हे घोरत होते.

रूपराव : तू? अन् मी त्या गरिबाले बारा वर्षं शिव्या देऊन राह्यलो!

जया : म्हणून तं दर दिवाळीले त्याच्या घरी अनारशाचा डबा जाते.

निकेश : विचारायचं तरी होतं.

जया : विचारलं असतं तं यायनं नकाशा पुढं केला असता. नकाशात प्लॉट होते, रोड होते, मैदान होतं. मैदानात पायी जाचा रस्ता कोणी काढलाच नोता. म्या काढला.

रूपराव : टेप गुंडाळ, निकेश.

निकेश : आणि कार?

रूपराव : राहू दे गेटसमोर. तिले कुठं शुगर आहे? हेमराजले फोन लाव.

निकेश : काय सांगू?

रूपराव : चहाले ये म्हणाव. माफी मागाची आहे. अन् मैदानाच्या तोंडाशी एक बाक बांधाचा आहे.

निकेश : मोजमाप?

रूपराव : खुंट्या तुयी आई ठोकन.