काठी चपलांजवळ राहिली

आमच्या शेजारच्या सुलभामावशीचं सांगितलं नाही वाटतं तुम्हाला? मासे विकून रस्त्याच्या कडेने चालत घरी येत होती, मागून टेम्पोने उडवलं. मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून हातात काठी. भरपाईची केस दोन वर्षं चालली. तोवर घर कसं चाललं माहितीये? बाजारातल्या बायका तिची जागा अडवून बसायच्या आणि तिच्या नावाने माशांची एक पाटी विकून पैसे घरी पोचवायच्या.

तिच्या साक्षीच्या दिवशी मीच रिक्षातून घेऊन गेलो. नाव पुकारलं आणि बया काठीशिवाय ताठ चालत जाऊन पिंजऱ्यात उभी! आमच्या वकिलाने कपाळाला हात लावला. टेम्पोच्या विमा कंपनीचा वकील खूश.

"साहेब, बघा. यांना काठी लागतच नाही."

जजसाहेबांनी विचारलं, "आजी, काठी कुठाय?"

"भायेर ठेवलीय, चपलांजवळ. तुमच्यासमोर टेकत टेकत कशी येऊ? बरं दिसतं काय ते?"

"पण चालता येतं ना?" वकील म्हणाला.

"येतं की!"

मी मनात म्हटलं, अगो बाई, आता तरी गप बस!

साक्ष संपली. उतरायची एकच पायरी होती. मावशी दोन्ही हातांनी कठडा धरून उभी, पाय काही उचलेना. मी उठणार, तेवढ्यात तो विमा कंपनीचा वकीलच धावत बाहेर गेला आणि काठी घेऊन आला.

जजसाहेब टायपिस्टकडे वळून म्हणाले, "काठी कोणी आणून दिली, तेही लिहा."