जावयास ब्रंचला नेल्याबाबत

जबाब
दि. ३१/०५/२०२६, रविवार, दुपारी २.१० वा.

मी उकंडराव सखाराम उबरहंडे, वय ६१ वर्षे, धंदा शेती, रा. धाड, ता. जि. बुलढाणा.

समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते असे की, मी वरील गावी पत्नी शालूबाई हिच्यासह राहतो. मुलगी पूनम हिचे गेल्या वर्षी बीबी येथील हर्षल यांच्याशी लग्न झाले. जावयांचा हा पहिला अधिक महिना. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे पोटभर खाऊ घालावे लागतात. जावई उपाशी गेला, तर ते बीबीत पुढचा अधिक महिना येईपर्यंत, म्हणजे तीन वर्षे, निघते.

पंधरा दिवसांपूर्वी शालूबाईचा उजवा हात मोडला. तरी ती म्हणाली, "मी करतो एका हातानं." मी म्हटले, "काऊन तरास घेतं? हाटेलात नेतो त्याइले." तिने नको म्हटले होते, हे लिहून घ्यावे.

पूनमने मोबाइलवर बुलढाण्यातील एका टी रूमची जाहिरात दाखवली. रविवारचा खास ब्रंच. ब्रंच म्हणजे काय असे विचारता ती म्हणाली, "नाश्ता अन् जेवण एकातच, बाबा." दोन्ही मिळते म्हटल्यावर मी सकाळपासून कोणाला काही खाऊ दिले नाही. जावयांनी चहासोबत बिस्किटाला हात घातला, तो पुडाही मी उचलून ठेवला.

मी, पूनम व जावई असे तिघे ११ वाजता तेथे पोचलो. ११.३५ वाजता प्रत्येकी एक बशी आली. बशी मोठी होती. तीत टोस्टचे दोन तुकडे, अर्धे अंडे, काकडीच्या तीन चकत्या व एक हिरवे पान होते. अधिक महिना असल्याने अंडे बाजूला काढले. पान खायचे असते का, असे जावयांनी मला विचारले.

हा नाश्ता समजून आम्ही जेवणाची वाट पाहत बसलो. १२.२० वाजता मालक प्रज्वल, वय अंदाजे २५, येऊन म्हणाला, "कसा वाटला ब्रंच, काका?" मी म्हटले, "नाश्ता बरा होता. आता वाढा." तो म्हणाला, "झालं ना काका. एवढाच असते." जावई पाणी प्यायले. तो तिसरा ग्लास होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मी आत स्वयंपाकघरात गेलो. दार ढकलले, लाथ मारली नाही. तेथे कामाला असलेल्या बेबीताई आपला डबा उघडत होत्या. वांग्याची भाजी व दोन भाकरी. मी म्हटले, "बाई, जावई उपाशी हाय." त्या "अहो, तो माहा डबा" म्हणाल्या, हे खरे आहे. मी ऐकले नाही. डबा बाहेर आणून जावयांना वाढला. जावई नको नको म्हणाले, ते सगळेच जावई म्हणतात. दोन्ही भाकरी संपल्या. शेजारच्या टेबलावरचे लोक मालकाला म्हणाले, "आम्हाले बी हेच पाह्यजे." मालकाने पोलिसांना फोन लावला तो त्यानंतर. पोलिसांनी आम्हा तिघांसह मालकाला व बेबीताईंनाही ठाण्यात आणले.

चोरीचा आरोप मला मान्य नाही. बेबीताई माझ्यामुळे उपाशी राहिल्या, हे मान्य आहे. त्याची मला लाज वाटते.

पूनमने आईला फोन केला. माझा जबाब चालू असतानाच शालूबाई धाडहून जीपने मोठा डबा घेऊन ठाण्यात आली. धोंडे तिने पहाटेच डाव्या हाताने करून ठेवले होते. मला सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते. बाकड्यावर डबा उघडून तिने आधी बेबीताईंना वाढले, मग जावयांना, मग पूनमला, मग प्रज्वलला व जबाब लिहिणाऱ्या हवालदारसाहेबांना. जावयांनी अकरा धोंडे खाल्ले. बेबीताई व प्रज्वल आता आपली तक्रार नाही असे सांगतात.

डबा रिकामा झाल्यावर शालूबाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमचं तं ब्रंच झालं ना."

मला वाढले नाही. त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी हात धुऊन मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे.

(सही) उकंडराव उबरहंडे