पाण्याच्या नळीत कोण?

...आणि पाणी होतं हो! नुसतं पाणी होतं त्यात! तुम्हाला सांगते, त्या शेवटच्या नळीत मी माझ्या या हातांनी पाण्याशिवाय काही म्हणजे काही घातलं नव्हतं, आणि तीच मेली सगळ्यांच्या देखत चमकते? बाकीच्या चमकल्या ते ठीक, त्यांचं कामच ते, पण तू पाणी आहेस ना? मग पाण्यासारखी गप्प राहा की!

उठू नका, उठू नका, बसा बाकावर. समोरचं ऑफिस उघडायला अजून वेळ आहे, मला माहितीय. ही मागची काचेच्या दाराची खोली दिसतेय ना, ती माझी. म्हणजे माझी राहते की जाते, त्याचीच तर गोष्ट!

झालं काय, मी परदेशातून आले परत. तिकडे शिकले, तिकडे नोकरीही मिळत होती, पण म्हटलं नाही, आपल्याकडे काही मुलं ऐकू न येणारी जन्माला येतात, आणि आईबापांना कळतं कधी, तर मूल हाकेला वळत नाही तेव्हा. ते जनुकात आधीच कळू शकतं हो! वेळेत कळलं तर वेळेत उपाय! घरोघर फिरले, आयांनी मुलांना मांडीवर धरलं, मी कापसाच्या काडीने गालाच्या आतून नमुने घेतले. आई म्हणाली, "अगं, एवढी शिकलीस आणि लोकांच्या पोरांच्या तोंडात काड्या घालत फिरतेस?" म्हटलं, आई, यालाच संशोधन म्हणतात!

विद्यापीठाने खोली दिली. पण अट! संशोधन-संधी दिवसाला शेवटच्या वर्षाची मुलं येतात, कुठल्या प्रयोगशाळेत काम करायचं ते त्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत निवडतात, आणि ज्या नव्या खोलीला एकही विद्यार्थी मिळणार नाही ती खोली परत. कोणाला? शेजारच्या अळीवाल्या सरांना! सर अळ्यांवर संशोधन करतात, त्यांच्या अळ्यांना जागा पुरत नाही. सारखे दारात येऊन मोजमाप घेतल्यासारखं बघायचे. "मॅडम, इथे आमचं एक कपाट छान बसेल, नाही?" कपाट! मुलांच्या कानांपेक्षा यांना अळ्यांचं कपाट!

मग मी ठरवलं, नुसतं बोलायचं नाही, करून दाखवायचं. पीसीआर. तुम्हाला सोपं करून सांगते, डीएनएच्या एवढ्याशा तुकड्याच्या झेरॉक्स काढणारं यंत्र ते. नळ्यांत नमुने घालायचे, झेरॉक्स काढायच्या, मग प्रत्येक नळीतला थेंब जेलीच्या वडीत घालून निळ्या दिव्याखाली बघायचं, पट्टा चमकला की समजायचं, डीएनए आहे. आणि एका नळीत कायम नुसतं पाणी घालायचं. का? तर पाण्यात काही नसतं. पाणी कोरं राहिलं तर बाकीच्यांवर विश्वास. पाणी पंच आहे हो, पंच!

आणि काय सांगू, मुलं दाटीवाटीने उभी, विभागप्रमुख बाई पुढे, आणि मला असं स्फुरण चढलं! नळ्या उघड्या, एका हाताने नमुने घालतेय आणि तोंडाने सांगतेय, आपले आजार आपण शोधायचे नाहीत तर कोणी, रेणू म्हणजे काय, जीव म्हणजे काय... मास्क हनुवटीवर ओढला, कारण मास्कमधून भाषण कसं करणार? एक मुलगी अगदी पुढे उभी होती, शांत, सारखी चष्मा पुसत होती. मला वाटलं, डोळे भरून आले बिचारीचे! मी आणखी जोरात!

यंत्र लागलं, मुलं चहा पिऊन आली, दिवा लावला. पहिली नळी चमकली, दुसरी चमकली, टाळ्या! आणि शेवटी... पाणी. लख्ख! सगळ्यांपेक्षा लख्ख!

आणि मागून अळीवाले सर, "वा! मॅडमच्या पाण्यालासुद्धा खानदान आहे!"

मुलं जी हसली! गेली की सगळी, अळ्यांकडे! विभागप्रमुख बाई जाता जाता थंडपणे म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत बघू हं." खोलीचं सोडा हो. पाण्यात डीएनए आला म्हणजे कुठून तरी सांडला. रसायनांत? नमुन्यांच्या पेटीत? की मूळ नमुन्यांतच गडबड? मग त्या आयांना काय सांगू? पुन्हा मांडीवर धरा, माझं चुकलं? पण चुकलं कुठे? नुसतं पाणी होतं हो त्यात!

पाण्याची बाटली बदलली. पट्टा कमी झाला का? छे! रसायनं नवी आणली. पुन्हा चमकलं! आणि मी आपली दर वेळी नळी भरताना तिला सुनावतेय, "आता तरी कोरी राहा गं बाई, आता तरी!" मग म्हटलं, हा माणसाचाच डीएनए आहे, तर माणूस शोधू. प्रत्येकाच्या डीएनएत काही जागा निराळ्या असतात, त्या जुळवायच्या. निघाले काड्या घेऊन! साफसफाईच्या मावशी, चपराशी, विभागप्रमुख बाईसुद्धा! बाई म्हणाल्या, "मी आरोपी आहे का?" म्हटलं, "नाही नाही, बाई, फक्त आ करा!" आणि अळीवाल्या सरांच्या गालात तर मी काडी अशी फिरवली, अशी फिरवली, सर म्हणाले, "मॅडम, दात ठेवा!" मला खात्रीच होती. कपाटासाठी माणूस काय वाट्टेल ते करेल!

आणि ती चष्मेवाली मुलगी. ती एकटीच अजून माझ्याकडे येत होती. दारात उभी राहून म्हणते, "मॅडम, तुमचाही नमुना घ्या ना."

"माझा? अगं, मी संशोधक आहे!"

तिने नुसता चष्मा काढून पुसला.

आणि तुम्हाला सांगते... जुळला! अख्खा! मीच! पाण्याच्या नळीत मी! भाषण करत होते ना, उघड्या नळ्यांवर, तो तुषार... पाण्याला सुनावत होते तेव्हाचाही त्याच्यातच! म्हणजे ती चष्मा पुसत होती ते... जाऊ दे.

पण हसू काय आलं मला! अहो, मी म्हणजे मीच! नमुने नाहीत, पेटी नाही, रसायनं नाहीत! त्या दिवशी वापरली ती प्रत्येक मुलाची जादा काडी होती, मूळ नमुने मी बोलताना उघडलेच नव्हते, घराघरात जागीच बंद केले होते. दोघी बसलो, मास्क नाकापर्यंत, मी ओठ घट्ट मिटून, डोळ्यांत पाणी, पण शब्द नाही. दिवा लावला. मुलांचे पट्टे स्वच्छ. आणि पाणी? कोरं! काळंकुट्ट कोरं! जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच त्या मुलीला मिठी मारली. आईला फोन केला तर म्हणते, "एवढं कळायला यंत्र लागलं? लहानपणी तुझ्यासमोर दूधसुद्धा झाकून ठेवायचे मी!"

दोन्ही चित्रं सूचनाफलकावर लावली, चमकलेलं आणि कोरं. खाली लिहिलं, पाणी निर्दोष आहे, डीएनए माझा आहे. विभागप्रमुख बाई वाचून म्हणाल्या, "हे असं जाहीर कोण करतं?" अळीवाल्या सरांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "मी तर रसायनवाल्यावर ढकललं असतं." आणि मान हलवत गेले, कपाटाचं काही बोलले नाहीत!

शुक्रवारी त्या मुलीने माझी खोली निवडली. म्हटलं, "माझं भाषण आवडलं ना?" तर म्हणे, "नाही मॅडम. तो कागद आवडला." मग हळूच म्हणाली, तिच्या धाकट्या भावाला ऐकू येत नाही. उशिरा कळलं. घरात सगळे हातांनी बोलतात.

मी म्हटलं, मलाही शिकव ती हातांची भाषा.

आता तीच मला शिकवते. नळ्या उघड्या असताना तोंड बंद, बोलायचं ते हातांनी. छान ना? मलाही वाटलं छान! पण अहो, मी हातांनीसुद्धा माझ्यासारखीच बोलते! आज सकाळी रेणूंचं महत्त्व सांगता सांगता नळ्यांचं अख्खं स्टँड उडालं! रिकामं होतं, देवाची कृपा!

थांबा, ती काचेतून खूण करतेय... मला येते ही... "मॅडम, तुम्ही... बाहेरच... बोला." हो गं बाई, हो, बोलतेय बाहेरच!

बघा. खोली वाचली हो माझी... मी तेवढी बाहेर!