नावाचा रकाना

मंडळी, बसा. निवेदकांनी आत्ता माझी ओळख 'शिस्तप्रिय' अशी करून दिली. मंगला सिस्टरच्या फोटोसमोर हा शब्द नको होता. याच शिस्तीबद्दल बोलायला मी उभी आहे, आणि बोलणं जड जातंय.

मंगला भंडाऱ्याची. आपल्या रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स होती. मी खाली प्रयोगशाळेची प्रमुख. तेव्हा डॉक्टरांनी एक अभ्यास हाती घेतला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची आतडी सडतात, पोट फुगतं, आणि पोट फुगेपर्यंत फार उशीर झालेला असतो. त्याआधी बाळाच्या शीमध्ये एक प्रथिन वाढतं का, ते पाहायचं होतं. मंगला रोज लंगोटातून चिमूटभर शी बाटलीत घेऊन यायची. आम्ही नाकं मुरडायचो.

एका सकाळी तिने आणलेल्या फॉर्मवर नावाचा रकाना कोरा होता.

"नाव?" मी विचारलं.

"मॅडम, बारसं व्हाचं हाय न जी अजून. बाराव्या दिवशी ठेवणार हायेत."

"मग बाराव्या दिवशी या."

हो, असं म्हणाले मी. कॉन्व्हेंटच्या मदरनी शिकवलं होतं, अपुरा फॉर्म म्हणजे अपुरा माणूस. आईचं नाव लिहिलेलं होतं. नोंदणी क्रमांक होता. मला आणखी काय हवं होतं? पण बाटली मी परत केली. ती पुन्हा आली. मी पुन्हा परत केली.

दुपारी बाळाने हिरवी उलटी केली. पोट ढोलासारखं ताणलं. बाळ नवव्या दिवशी गेलं. वाघोलीहून आलेली त्याची आई जिन्यात बसून होती. मी तिच्या शेजारून डबा खायला गेले.

डॉक्टर म्हणाले, एका तपासणीवर काही ठरत नसतं. खरं असेल. पण त्या वाक्याआड मी किती वर्षं लपले, ते माझं मला ठाऊक.

मंगलाने तक्रार केली नाही. पुढच्या बाळाच्या फॉर्मवर नाव होतं. वैनगंगा.

"हे कुणी ठेवलं?"

"मी. चालते न?"

मग रोज नद्या येऊ लागल्या. पूर्णा. इंद्रायणी. मुलगा असला तर भीमा. मी मुकाट्याने शिक्का मारायचे आणि कॅन्टीनमध्ये तिची नक्कल करून टाळ्या घ्यायचे. हसलेले काही जण आज पहिल्या रांगेत बसलेत. खाली पाहू नका, मीही पाहत नाहीये.

मी निवृत्त झाले, त्या निरोपाच्या दिवशी ती जवळ आली. "मॅडम, त्या बाळाचंही नाव मी मागाहून ठेवलं. तुमी कधी इचारलंच नाही."

तेव्हा तरी विचारायचं! मी म्हणाले, "बरं, बरं," आणि पुष्पगुच्छ घेऊन गाडीत बसले. कात्रजला तिचं घर. तिथवर जाणंही मला जमलं नाही. गेले ते परवा, ती गेल्यावर.

आयुष्यभर ज्याला त्याला नाव विचारलं. तेवढं एक विचारलं नाही. आता सांगणारी नाही.

उभे राहूया. मंगलासाठी. आणि तिच्या त्या बाळासाठी. कुणी काही बोलू नका. मी तर मुळीच नाही.