चुन्यावरचा कोळसा
अर्धापूरचे मारोतराव, त्यांचे पुत्र सुदामराव आणि सुदामरावांचे पुत्र किशन, या तिन्ही पिढ्यांनी घराच्या भिंतीला दर दिवाळीला चुना दिला. चौथ्या पिढीतल्या दीपालीने त्यावर कोळसा फिरवला. आज त्याच कोळशाच्या चित्रांसाठी नांदेडच्या विद्यापीठातल्या कलादालनात रांग लागली होती, आणि सुदामरावांच्या पत्नी कावेरीबाई कुणालाही ओळख न सांगता रांगेत उभ्या होत्या. पुढे रेणापूरच्या अनोळखी सरजाबाई होत्या; भिंतीवरचं मोठं चित्र बघून त्या मागे वळल्या.

"बाई, पांढरीफट भिंत पार काळी करून ठेवली की हो! म्हशी हायेत का ह्या?"

"केळीची बाग हाय. वाऱ्यानं आडवी झालेली."

"माझ्या भिंतीवर काढली असती, तर थोबाड फोडलं असतं मी."

"मी फोडलं होतं."

"आं?"

"नात हाय माझी. सातवीत होती. ताज्या चुन्यावर हीच बाग काढली. दोन थोबाडीत दिल्या अन् भिंत धुवायला लावली."

"बरोबरच केलं की!"

"तवा मलाबी तसंच वाटलं. पुन्हा घरात कोळशाला हात लावला न्हाई पोरीनं."

"आजी! तू? येत न्हाई म्हणली होतीस ना?"

दीपाली समोर उभी होती. कावेरीबाईंनी भर दालनात स्वतःच्या गालांवर दोन चापट्या मारून घेतल्या.

"आजी, काय करून राहिलीस? लोक बघून राहिले!"

"बघू दे. बघायलाच आलेत समदे. फिटलं का?"

"तीन होत्या, आजी."

कावेरीबाईंनी तिसरी मारून घेतली, पहिल्या दोन्हींपेक्षा जोरात.