पॅचच्या खाली माझं नाव

हात जोडू नका काका, खाली घ्या ते हात — अम्मीनं बघितलं तर मलाच रागावेल ती, की सुयशचे वडील आपल्या घरात येऊन हात जोडतायत अन् तू बघत बसली. बसा नीट. तुमच्या ह्या आमरीननं एका ओळीचा मेल लिहावा, 'हो, ही सही माझी,' — एवढंच ना? अन् मग सुयशची नोकरी वाचती. त्यानं असंच सांगितलं असेल तुम्हाला. व्हय, ओळ एकच आहे, त्यात खोटं नाय बोलला तो.

पण सही कशावर, ते सांगितलं का? नाय ना. मग माझ्याकडून ऐका. मशीनच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या, अगदी पोटात कर्नल म्हणून एक प्रोग्राम असतो, बाकी सगळे त्याच्या जिवावर चालतात. तिथं एकच माहिती शंभर जणांना वाचायची असती अन् मधूनच एखाद्याला बदलायची असती. तुमच्या पाचोडच्या ग्रामपंचायतीचा फळा समजा — वाचायला कितीबी उभे राहा, पण कुणी पुसून नवीन लिहायला लागला की तेवढा वेळ सगळे बाहेर. त्यासाठी कुलूप. आता जुन्या कुलपात काय व्हायचं — आत जाणारा प्रत्येकजण दाराशी एकाच पाटीवर खूण करायचा. मग फळ्यापाशी जागा मोकळी अन् पाटीपाशीच झुंबड! मशीन जेवढं मोठं, तेवढी झुंबड मोठी. दोन वर्षं मी त्याच्या मागं लागले होते काका. शेवटी म्हटलं, प्रत्येकाला त्याची त्याची पाटी देऊ — आपल्या पाटीवर खूण करा, कुणी लिहायला आलंय का बघा, अन् जा आत. काय पळालं ते! लई पळालं. आम्ही इथंच काम करत बसलो होतो, सुयश त्या खिडकीपाशी उठून नाचायलाच लागला होता.

फक्त एक जागा कच्ची होती. वाचणारा खूण करून वर बघतो, लिहिणारा हात वर करून पाट्या बघतो — पण काही मशीनवर एकानं केलेलं दुसऱ्याला दिसायला जरासा उशीर लागतो. तेवढ्यात दोघांनाबी वाटतं रस्ता मोकळा आहे, अन् दोघं एकदमच आत. आमच्या ऑफिसातल्या मशीनवर हे कधी दिसलंच नसतं. मला ठाऊक होतं. अन् कुणाला सांगितलं मी? एकट्या सुयशला. स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं — ही जागा बांधून झाल्याशिवाय हे कुठंच पाठवायचं नाय. 'हो ग' म्हणाला. अन् मी युसराच्या — माझ्या मामेबहिणीच्या — लग्नाला हर्सूलला गेले, दोन्ही हात मेंदीनं भरलेले, फोनसुद्धा धरता येईना, तेव्हा यानं पाठवून दिलं. जगभरातली माणसं जिथं असली कामं पाठवतात, त्या मेलच्या यादीवर. साहेबाला काहीतरी करून दाखवायचं होतं म्हणे.

तुम्हाला वाटत असेल, माझं काम यानं स्वतःच्या नावावर खपवलं. नाय काका — खपवलं असतं तर बरं झालं असतं! यानं खाली माझं नाव घातलं. आमच्यात पॅच पाठवला, म्हणजे अशी दुरुस्ती पाठवली, की खाली नाव घालतात, ती कसम असती — हे मी केलंय, मी बघितलंय, काही झालं तर मला विचारा. ज्याची त्यानं घ्यायची असती ती. यानं माझी कसम परस्पर घेऊन टाकली! लोकांनी ते आपापल्या मशीनवर चढवलं, अन् व्हायचं तेच झालं, दोघं एकदम आत, माहितीचा पार चुथडा. मग साहेबानं विचारल्यावर हा काय म्हणाला माहितीये? 'ती जागा आमरीननं तपासली होती.' तीच जागा! बोट ठेवून दाखवलेली! आता ते काम सांभाळणारा माणूस यादीवर सगळ्यांदेखत मला विचारतोय, ही सही तुझी का? हो म्हटलं तर चूक माझी, परत माझा पॅच कोण उघडून बघणार? नाय म्हटलं तर तुमच्या पोराला घरी बसवतील.

अजून उत्तर दिलं नाय मी. का नाय दिलं? मला राग येतोय काका, लई राग येतोय, रात्री दात दुखतात इतके आवळून झोपते — पण नाय दिलं. वाट बघत होते. तुमच्या घरचे, सुरेखाकाकूंच्या हातचे धपाटे खाऊन परीक्षा दिल्यात मी, अन् ईदला हा स्वतः किचनमधून शीरखुर्म्याचा वाडगा भरून आणायचा, अम्मी ओरडायची तरी. वाटलं, येईल. ह्याच खुर्चीत बसेल, म्हणेल, आमरीन, घाण केली मी. एवढंच. मग मी — अम्मीला कळू देऊ नका — मी लिहून दिलं असतं. खोटं. सही माझीच म्हणून. दोन वर्षं पाण्यात घातली असती. मघाशी बेल वाजली तेव्हा आरशात बघून दार उघडलं मी.

अन् दारात तुम्ही. स्वतःच्या बापाला पाठवलं यानं, असल्या उन्हात, पाचोडहून एसटीत बसवून — एसटीनं नाय आलात? मग? गाडी केली? काका, इकडं बघा. गाडी कोणी आणली?

सुयश खाली आहे?

म्हणजे मी एवढं बोलतेय, अन् तो — नाय. फोन नका लावू. आता नका बोलवू त्याला वर. उठा काका. सावकाश, पायरी उंच आहे तिथली. अम्मी, चाय नक्को रखो, काका जा रहे.